राहिलेली दोन अक्षरं

ज्या गोळीनं साऱ्या जगाला डुलकी लागते, ती गोळी खाल्ली की चांगुणा उठून चालायला लागायची. चालायला कसली, धावायलाच. अंगाला खाज सुटली, गांधी उठल्या, नाक वाहायला लागलं की माणसं ती बारकी पांढरी गोळी खातात आणि दोन तास पेंगतात. ही बाईही तशीच पेंगली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही. तिचं काळीज धाडधाड उडायचं, तोंडाला कोरड पडायची, पाय एका जागी ठरायचे नाहीत. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायची, आणि भिंतीवर एक मुंगी नसायची.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जिल्हा काय नुसती पाटी लावून होत नसतो. गावोगावची जी कागदं उस्मानाबादेत पडून होती ती इकडं आणायची, तालुकावार लावायची, लाल फडक्यात बांधायची. ट्रक भरभरून बस्ते येत होते. निजामाच्या काळातले उर्दू कागद, मोडीतले कागद, कसर लागलेले, उंदरांनी कुरतडलेले. ते सोडायचे, झटकायचे, पुन्हा बांधायचे. या कामावर सहा महिन्यांच्या बोलीनं जी चार माणसं घेतली, त्यात कंधारकडची चांगुणा होती. सातवी पास. सहा महिने तक्रारीशिवाय काढले तर कायम करू, असं साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिकडं गावात दोन वर्षं पाऊस नव्हता, विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची वेळ आली होती, आणि नवरा व्यंकटी रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडून तळहाताची साल काढून घेत होता. त्या घराला आशा म्हणून जी होती ती चांगुणाची नोकरी.

आणि धुळीशी तर तिचं जन्माचं वैर! लहानपणी खळ्यावर वारा सुटला की हिचे डोळे सुजायचे. आता दिवसभर शंभर वर्षांची धूळ नाकातोंडात. पहिल्याच आठवड्यात अंगभर गांधी उठल्या, शिंकून शिंकून बरगड्या दुखायला लागल्या.

कचेरीतले बडेबाबू रामकिशन. माणूस वाईट नव्हता, पण भारी कायद्याचा. उजव्या कानावर लाल शाईचं पेन कायम अडकवलेलं. त्या पेनानं 'नामंजूर' लिहिताना त्यांचा चेहरा खुलायचा असं लोक म्हणायचे. त्यांनीच दया येऊन आपल्या ड्रॉवरमधली पांढरी गोळी तिला दिली.

"घ्या चांगुणाबाई. घंटाभर झोप येईल, मग बघा कसं आराम पडतंय."

घंटाभरानं चांगुणा गंजगोलाईच्या गोल बाजाराला चकरा मारत होती, अनवाणी, भर उन्हात. किती चकरा झाल्या तिला ठाऊक नाही. एका दुकानदारानं ओळखून कचेरीत आणून सोडली.

"गोळी गरम पडली तुम्हाला," बडेबाबू म्हणाले. "ताक प्या."

आता हा 'गरम पडली' शब्द बघा. आपल्याकडं औषधानं माणूस मरायला टेकला तरी लोक म्हणणार, गरम पडलं, ताक प्या. म्हशी विकून लोकांना सहा महिने झाले होते, ताक कुठून आणायचं तेही सांगा की! चांगुणानं माठातलं पाणी पिऊन घेतलं आणि रात्रभर खोलीत येरझारा घातल्या.

पुढं तीनेक महिने तिनं खाज सोसली, आणि दुसऱ्या खेपेला ती आपण होऊन एका डॉक्टरकडं गेली. त्याला सांगितलं, पांढरी गोळी सोसत नाही. त्यानं मान न उचलता पिवळी लिहून दिली. रंग बदलला, गुण तोच, वर चढता. या वेळी ती कचेरीतच होती. बसवेना, उभं राहवेना. टेबलावर चढली, वरच्या फळीवरचे बस्ते ओढले, गाठी सोडल्या, मुंग्या झटकायच्या म्हणून कागद झटकले. तिला धरून खाली उतरवेपर्यंत औशाची कागदं अहमदपुरात आणि अहमदपूरची उदगिरात गेली होती. लघवी अडकून बसली ती सांजेपर्यंत. लाजेनं मेल्यागत झालं तिला.

तिसऱ्या दिवशी बडेबाबूंनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"बाई, खरं सांगा. तब्येत... म्हणजे डोक्याची तब्येत ठीक हाय ना?"

"गोळीनं होतंय बडेबाबू. बिनगोळीची मी चांगली हाय."

"गोळी तर सगळं हापीस खातं." त्यांनी कानावरचं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. "दोनदा झालं, मी गिळलं. तिसऱ्यांदा असा तमाशा झाला तर मला वर लिहावं लागतंय. वेड लागलेला माणूस सरकारी कागदापाशी ठेवता येत न्हाई."

दोन महिने राहिले होते. त्या दिवसापासून तिच्या जिवाला थारा उरला नाही. गोळी खायची नाही, खाज सोसायची. पण नखानं मनगटं सोलवटली तरी ती डरली नव्हती. ती डरली होती दुसऱ्याच गोष्टीला. आपण कुठं बेशुद्ध पडलो, आणि कुणी चांगल्या मनानं दंडात सुई टोचली तर? मग पुन्हा टेबलावर चढायचं, आणि खाली उतरायचं ते वेडी म्हणूनच.

सरकारी दवाखान्यात एक तरणी डॉक्टरीण नवीन आली होती. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "काय काय होतं ते सगळं सांगा. सावकाश." एवढ्यानंच चांगुणाला रडू फुटलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सगळं ऐकून डॉक्टरीण म्हणाली, "तुम्ही वेड्याबिड्या नाही. हे औषध काही थोड्या लोकांना उलटं लागतं. झोप यायच्या ऐवजी अंगाची तडफड होते. तुम्ही त्यातल्या. त्या जातीच्या सगळ्याच गोळ्यांपासून लांब राहा. आणि बहुतेक दवाखान्यात सुई देतात ती याचीच." तिनं एका चिठ्ठीवर मराठीत नाव लिहिलं. फेनिरामिन. "हे पाठ करा. धुळीत तोंडाला फडकं बांधा. आणि ओठ, जीभ सुजायला लागली तर तिथं थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. त्याला वेगळं इंजेक्शन असतं. पण आधी सांगायचं, फेनिरामिन देऊ नका म्हणून."

"जीभ सुजल्यावर सांगू कशी, बाई?"

डॉक्टरणीनं चिठ्ठीची घडी घालून तिच्या हातात दिली. मग म्हणाली, "चिठ्ठी जवळ ठेवा."

चिठ्ठी जवळ ठेवली, झंपरात. त्या उन्हाळ्यात घामानं तिचा आठवड्यात लगदा झाला. दुसरी लिहिली, तिचेही तेच हाल. तिसरी पिशवीत ठेवली, तर पिशवी खुंटीला आणि आपण बस्त्यांत. चांगुणाला रात्री झोप लागेना. डोळा लागला की स्वप्नात सुई यायची.

सुट्टीला ती गावी गेली तेव्हा कंधारचा बाजार होता. सासूला, सरजाबाईला, तंबाखू घ्यायला म्हणून गेली आणि बोळाच्या तोंडाशी गोंदणारी गुरम्मा बसलेली दिसली. देगलूरकडची बाई, बोलण्यात निम्मं तेलुगू. पुढं एक पोरगी ओठ चावून हातावर होणाऱ्या नवऱ्याचं नाव गोंदून घेत होती. चांगुणा जागच्या जागी थबकली. अरे, घामानं न जाणारी चिठ्ठी ही काय इथं!

तिनं वाण्याकडून पेन्सिल आणि कागदाचा तुकडा मागून घेतला आणि सुबक अक्षरात लिहिलं: फेनिरामिन नको.

गुरम्माला वाचता येत नव्हतं. ती अक्षरं नक्षीगत बघून काढायची. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, काजळीत बुडवलेल्या सुया टचटच चालायला लागल्या.

"कुणाचं नाव, अम्मा?"

"फेनिरामिन."

"फेणी? तांदळाची?"

"न्हाई गं. औषध हाय."

"अय्यो! औषधाचं नाव गोंदत्यात?" गुरम्मा हसली. "पण राम हाय त्यात. चालतंय."

पाच अक्षरं झाली. हात सुजून लालभडक. गुरम्मानं कागदाकडं बघितलं. "ही दोन वेगळी कामून? काय हाय हे?"

"नको."

गुरम्मानं सुया खाली ठेवल्या. "अंगावर नको? न्हाई अम्मा. अंगावर जे पायजे ते लिवायचं. देव, नवरा, तुळस. नको लिवलं की घरात येणारंबी दारातून परत जातंय. मला पाप नको."

चांगुणा भांडली असती. भांडायची सवय होती तिला. पण तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तिचा हात आपोआप मागं आला. कारण तो शब्द तिचा फार जुना ओळखीचा होता. पाचवी मुलगी म्हणून आजीनं तिचं नावच ठेवलं होतं नकुसा. नको असलेली. आठ वर्षांची होईपर्यंत साऱ्या वाड्यानं तिला त्याच नावानं हाका मारल्या. "ए नकुसा, इकडं ये." बोलवायचं, आणि बोलवतानाच नको म्हणायचं! शेवटी बापानं हात धरून शाळेत नेलं, मास्तरला म्हणाला, "दीक्षा घेतली तवा जुनं सगळं टाकलं आम्ही, हेच तेवढं कशाला ठेवायचं? चांगुणा लिवा." त्या दिवशी ती शाळेतून घरापर्यंत आपलं नाव मोठ्यानं म्हणत आली होती. ते नाव इतक्या वर्षांनी परत अंगावर घ्यायचं, आणि तेही मरेपर्यंत न पुसणारं? नाव तर गोंदलंय, ज्याला कळायचं त्याला कळेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि उठली.

घरी सरजाबाईनं हात बघितला आणि व्यंकटीकडून वाचून घेतलं. व्यंकटीनं अक्षरं जुळवली. "फे-नि-रा-मि-न. कोण गं ही रामीन?"

"राम?" सरजाबाई भडकली. "अगं ए बये, हे काय करून आलीस? माझ्या हातावरची तुळस बघ. धर्म बदलला, देव्हारा गेला, पण ही अजून उगवलेलीच हाय. अंगावरचं जात न्हाई बाई!"

चांगुणानं दहा वेळा समजावलं. म्हातारीची समजूत पटली नाही ती नाहीच.

एक महिना राहिला. चांगुणा तोंडाला फडकं बांधून बस्ते बांधायची, मधूनच हातावरून बोट फिरवायची. पाच अक्षरं जागेवर होती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी राहिलंय असं आतून कुणी टोचत होतं. काय राहिलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग तो ट्रक आला. यातल्या बस्त्यांवर कुणी शहाण्यानं कसर लागू नये म्हणून पांढरी पावडर मुठी मुठीनं फेकलेली. तिनं पहिली गाठ सोडली आणि ढगच उठला. फडकं काय करणार तिथं? पाच मिनिटांत डोळे सुजून बारीक झाले. ओठ सुजले. जीभ तोंडात मावेना. बडेबाबू धावत आले, रिक्षा बोलावली, आणि जवळ म्हणून गल्लीतल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर जेवायला घरी गेलेले. कंपाऊंडर होता सिद्धराम. कपाळाला विभूती, हात चटपटीत, बोलणं गोड. वीस वर्षं सुया टोचलेला माणूस. त्यानं तिला बाकावर निजवलं, बाही सरकवली आणि त्याची नजर हातावर गेली.

"फे... नि... रा... मिन." त्याचा चेहरा उजळला. "बघा बडेबाबू! याला म्हणत्यात हुशारी. आपलं औषध हातावर गोंदून घेतलंय बाईनं. न्हाईतर आमच्याकडं येत्यात ते 'लाल गोळी द्या, मागल्यावानी द्या' म्हणत." आणि त्यानं कपाटातून तीच काचेची कुपी काढली.

त्याला तरी दोष कसा द्यायचा? माणसं जे हवं तेच गोंदतात. गुरम्मा म्हणाली नव्हती का?

चांगुणानं मान हलवली. जोरजोरात हलवली. "न्... न्..." एवढंच तोंडातून निघालं.

"न्हाई न्हाई, दुखणार न्हाई," सिद्धराम म्हणाला. "सुईला सगळेच भेत्यात. बडेबाबू, हात धरा जरा."

बडेबाबूंनी डावा हात दोन्ही हातांनी दाबून धरला. कुपीचं टोक टिचकन मोडलं. सुईत पाणी चढलं. चांगुणानं पाय उचलला आणि तबकाला अशी लाथ घातली की सुई, कुपी, कापूस, सगळं फरशीवर.

"अगं बाई!" सिद्धराम मागं सरकला. "थांबा, दुसरी भरतो."

बडेबाबूंनी हात सोडला नाही. पण त्यांनी तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती तिला कळली. आज तर गोळी खाल्ली नव्हती. बिनगोळीची चांगली असते म्हणणारी बाई बिनगोळीचीच लाथा झाडत होती. त्यांच्या डोळ्यांत वर पाठवायचा कागद लिहून होत आला होता. श्वास आत जाताना शिट्टीगत वाजत होता. सिद्धराम दुसरी कुपी उजेडात धरून बघत होता. तिचा उजवा हात मोकळा होता. आणि वाकलेल्या बडेबाबूंच्या कानावर लाल पेन होतं.

तिनं ते ओढलं. दातानं टोपण काढलं. बडेबाबू दचकून ओरडले, "ए, ए, धरा हिला!" त्यांना वाटलं डोळ्यात खुपसते. तिनं पेन आपल्याच डाव्या हातावर टेकवलं, पाच अक्षरांच्या पुढं. आणि एवढ्या घाईतसुद्धा हात क्षणभर अडला. खरं सांगायचं तर अडला. आजी आठवली, वाड्यातली हाक आठवली. मग तिनं निब असं दाबलं की कातडी सोलली, आणि शाई कुठली नि रक्त कुठलं ते कळेना.

सिद्धराम सुई घेऊन जवळ आला. वाकला. ओठ हलवत वाचलं. "फेनिरामिन... नको." पुन्हा वाचलं. "नको?"

चांगुणानं मान हलवली. या वेळी वरून खाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

 सिद्धरामनं सुई खाली ठेवली आणि चप्पल न घालता डॉक्टरच्या घराकडं पळत सुटला. डॉक्टर उष्ट्या हातानंच आले, हात वाचला, दुसरी दोन इंजेक्शनं दिली. हळूहळू छातीतली शिट्टी थांबली. सांजेला जीभ तोंडात मावली.

बडेबाबू तोवर बाकाच्या टोकाला बसून होते. पेन हातात होतं, कानावर ठेवायचं विसरले होते.

"चांगुणाबाई," ते खाली बघत म्हणाले, "मी तुम्हाला धरून ठेवलं होतं."

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, बडेबाबू."

"नव्हतं. म्हणून तर भ्या वाटून राहिलं."  मग म्हणाले, "वर काय लिहू? बाईनं तबक लाथाडलं असं लिहू, का दोन शहाण्यांनी मिळून बाईला मारत आणलं होतं असं लिहू? जाऊ द्या. काही लिहीत न्हाई." आणि ते लाल पेन त्यांनी तिच्या हातात ठेवलं. "हे असू द्या तुमच्याजवळ."

महिना सरला. कायम झाल्याचा कागद मिळाला. रोज सकाळी कामावर निघताना चांगुणा पाच अक्षरांपुढं लाल शाईनं दोन अक्षरं लिहायची, आणि दुपार होईतो घामानं ती पुसली जायची. पाच हिरवी तशीच, दोन लाल गायब.  असं किती दिवस चालणार?

पहिल्या सुट्टीला ती कंधारच्या बाजारात गेली आणि गुरम्मापुढं हात पसरून बसली. गुरम्मानं हात ओळखला. पुसट लाल अक्षरंही बघितली.

"तेच? सांगितलं होतं की अम्मा, मी नको गोंदत न्हाई. दुसरं कायबी सांग. देवाचं सांग, माणसाचं सांग. कुणाचंबी नाव गोंदते."

"नावच हाय ते," चांगुणा म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं. जन्माच्या वेळचं. नकुसातलं नको. तवा दुसऱ्यांनी मला हाक मारली या नावानं. आता मी मारणार."

गुरम्मानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग सुया उचलून काजळीत बुडवल्या.

"कसं काढू? त्या पाचांएवढंच?"

"न्हाई," चांगुणा म्हणाली. "त्याच्याहून मोठं."